चेनसॉच्या पट्ट्यांसाठी घरगुती पेटी

दर्यापूर तालुक्यात मेळघाटासारखे दाट जंगल नाही; तरीही नाल्याकाठच्या बाभळी, धुऱ्यावरचे कडुनिंब आणि वळवाच्या वादळात रस्त्यावर आडवी होणारी झाडे यांमुळे चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे यंत्र, येथे आता नवलाईचे राहिलेले नाही. यंत्राच्या इंजिनाची काळजी बहुतेक जण घेतात, परंतु ज्या लांबट पोलादी पट्टीच्या कडेने साखळी धावते तो ‘गाइड बार’ मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुऱ्हाडी, दोर आणि डिझेलच्या कॅनसोबत मोकळाच टाकला जातो.

या पट्टीच्या कडेला साधारणपणे १.३ ते १.६ मिलिमीटर रुंदीची खाच असते आणि साखळीच्या खालच्या जिभा त्या खाचेतून सरकतात. आज प्रचलित असलेल्या साखळीच्या दात्यांची घडण अमेरिकेतील जोसेफ कॉक्स याने १९४७ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून बेतली. मात्र दाते कितीही धारदार असले तरी खाचेची एक कड ठेचली गेली, की साखळी कलते आणि काप सरळ जाण्याऐवजी एका अंगाला वळतो. म्हणून पेटीची खरी मजबुती बाहेरच्या फळीच्या जाडीत नसून आतल्या पट्ट्या एकमेकींवर आपटू न देण्यात आहे. जाड सागवानाची, पण आतून मोकळी पेटी या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

पेटीचे माप पट्टीच्या नावावरून घेऊ नये, कारण २२ इंची पट्टी म्हटले तरी ते माप केवळ कापणाऱ्या भागाचे असते आणि यंत्रात शिरणारे शेपूट त्याहून वेगळे असते. पूर्ण लांबी टेपने मोजून दोन्ही टोकांना दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडावी, म्हणजे पट्टीच्या नाकावरची लहान दातेरी फिरकी फळीवर आदळणार नाही. चार पट्ट्यांच्या पेटीला बाजूंसाठी १२ आणि तळ व टोकांसाठी १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड पुरते. प्लायवूडच्या काठात ठोकलेला खिळा खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो. त्यामुळे कोपऱ्यांत आतून सागाचे चौकोनी ठोकळे सरस लावून बसवावेत आणि स्क्रू त्या ठोकळ्यांत घ्यावेत.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते पट्ट्या उभ्या धरणाऱ्या खाचांच्या दोन आडव्या फळ्यांकडे. या फळ्या साध्या लाकडाच्या केल्यास दोन खाचांमधला उभा दाता रेषेवरून सहज तुटतो, तर प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो टिकतो. दोन्ही फळ्या शिकंजात एकत्र आवळून खाचा एकाच वेळी करवतीने कापाव्यात आणि पटाशीने साफ कराव्यात, म्हणजे त्या समोरासमोर येतात. पट्टी सुमारे ४ ते ५ मिलिमीटर जाड असते. खाच तिच्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद ठेवावी, कारण मे महिन्यात सुकलेले लाकूड पावसाळ्यात फुगते आणि नेमकी बसवलेली पट्टी तेव्हा अडकते. साखळ्या उतरवून, तेल लावून, कापडी पिशवीत वेगळ्या कप्प्यात ठेवणे उत्तम. गोल कानशीही तेथेच ठेवाव्यात, पण पिशवीबाहेर. झाकणाच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची घडी चिकटवली, की पट्ट्या वरून दाबल्या जातात आणि खडखडाट थांबतो.

दर्यापूरच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा परिसर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजलात क्षार जास्त असतात अशा पट्ट्यात येतो. येथील बोअरच्या पाण्याने पट्टी धुतली तर मागे राहिलेले क्षार हवेतील ओल धरतात आणि गंज लवकर चढतो. त्यामुळे खाचेतला भुसा पत्र्याच्या पातळ तुकड्याने काढावा, पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेलाचा हात फिरवूनच पेटीत ठेवावी. गळणाऱ्या तेलासाठी तळाशी पत्र्याची उथळ थाळी आणि पेटीखाली दोन आडव्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे ट्रॉलीतल्या चिखलपाण्यात तळ बुडत नाही. प्लायवूडच्या उघड्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत, कारण पाणी प्रथम तेथूनच शिरते. सागाच्या भागांना जवसाचे तेल चांगले. मात्र त्यात भिजलेली फडकी गोळा करून टाकल्यास ती आपोआप तापून पेटू शकतात आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर ही जोखीम घेऊच नये, ती मोकळी पसरून वाळवावीत.

बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा स्क्रूऐवजी आरपार नटबोल्टने बसवावा, तर उचलण्यासाठी दोन्ही टोकांना भोके पाडून नायलॉनच्या दोराला आतून गाठ मारली तरी पुरते. पेट्रोलचा डबा मात्र जागा उरली म्हणून या पेटीत कधीही ठेवू नये.