घरफोडी विमा
घरफोडी विमा : घर अगर अन्य बंदिस्त जागेत बळाने प्रवेश करून केलेल्या चोरीमुळे होणाऱ्या नुकसानीची, ठरलेल्या हप्त्याच्या मोबदल्यात, भरपाई करण्याचा करार. सर्वसाधारण विम्याच्या संकीर्ण शाखेत त्याचा समावेश होतो. दुकाने व गुदामे यांसाठी तो स्वतंत्रपणे, तर राहत्या घरांसाठी बहुधा गृहविम्याच्या विमापत्रातील एक विभाग म्हणून देण्यात येतो. केवळ चोरी झाल्याचे सिद्ध केल्याने या विम्याखाली भरपाई मिळत नाही. प्रवेश कसा झाला, त्या सुमारास घर राहते होते की बंद आणि गेलेल्या वस्तूंचे मूल्य किती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर दाव्याचा निर्णय अवलंबून असतो.

विकास : मराठी मुलखात चोरीची भरपाई ही पूर्वी काही अंशी गावाची सामुदायिक जबाबदारी मानली जाई. मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात नोंदलेल्या पद्धतीप्रमाणे गावच्या जागल्याने चोराचा माग काढावयाचा असे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविल्यास जबाबदारी त्या गावाकडे जाई. माग न लागल्यास जागल्याला, व प्रसंगी गावाला, ऐपतीप्रमाणे नुकसान सोसावे लागे. आधुनिक घरफोडी विम्याचा पाया लंडनमधील लॉइड्स या विमाबाजारात कथबर्ट हीथ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस घातला. भारतात सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७२ मध्ये झाला व १ जानेवारी १९७३ पासून हा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे आला. १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण कायद्यानंतर तो खाजगी कंपन्यांनाही खुला झाला.

व्याप्ती : फौजदारी कायद्यातील घरफोडीची कल्पना विमापत्रातील कल्पनेपेक्षा व्यापक आहे. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४४५ खाली, हरवलेली किल्ली सापडलेल्या माणसाने तिने कुलूप उघडून घरात अनधिकृत प्रवेश केला, तरी ती घरफोडीच ठरे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ३३०) ही व्याख्या कायम आहे. विमापत्रात मात्र सामान्यतः प्रत्यक्ष बळाचा वापर व त्याच्या दृश्य खुणा यांची अट असते. तुटलेला कडी-कोयंडा, भिंतीला पाडलेले भगदाड, वाकविलेले गज या अशा खुणा होत. सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात (२००४) विमापत्रातील व्याख्याच उभयपक्षांस बंधनकारक असून बळाच्या वापराविना झालेली चोरी अशा विम्यात येत नाही, असा निर्णय दिला. उघड्या दारातून झालेली चोरी आणि कुटुंबातील व्यक्ती अगर नोकर यांचा हात असलेली चोरी सामान्यतः वगळलेली असते. रोकड वगळलेली असते किंवा तिला अल्प मर्यादा असते. दागिन्यांसाठी पुष्कळदा स्वतंत्र विभाग घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी द्यावयाच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात आग, भूकंप, पूर इ. आपत्तींनंतर सात दिवसांच्या आत, त्या आपत्तीमुळेच घडलेली चोरी तेवढी अंतर्भूत आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे पुष्कळ विमेदारांच्या दावा करतानाच लक्षात येते.

दाव्याची कार्यवाही : घटना उघडकीस येताच पोलीस ठाण्यात फिर्याद देणे व कंपनीस लेखी कळविणे, ही विमेदाराची पहिली कर्तव्ये होत. फिर्यादीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. पंचनामा होईपर्यंत तुटलेले कुलूप, दार व विस्कटलेले सामान हलवू नये. प्रवेश बळाने झाल्याचा मुख्य पुरावा पंचनाम्यातच नोंदला जातो. फिर्यादीतील वस्तूंची यादी व दाव्यातील यादी यांत तफावत पडल्यास संशयास जागा राहते. म्हणून राहून गेलेल्या वस्तूंची माहिती पुरवणी जबाबात त्वरित द्यावी. ठराविक मर्यादेवरील नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षक करतो. नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्वेक्षकाने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यावा व तो मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आहे. चोर न सापडल्यास पोलिसांच्या अंतिम अहवालाची मागणी होते. गुन्हा खरा, परंतु आरोपी अज्ञात, अशा अर्थाच्या अहवालास महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणतात. भरपाई दिल्यानंतर विमेदाराचे वसुलीचे हक्क कंपनीकडे जातात. त्यामुळे माल पुढे सापडल्यास त्याची माहिती तिला देणे आवश्यक असते.

मूल्यनिर्धारण : क्षतिपूर्ती हे या विम्याचे मूलतत्त्व असल्याने त्यापासून नफा मिळविता येत नाही. जुन्या वस्तूंच्या किंमतीतून सामान्यतः घसारा वजा होतो. विम्याची रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी असेल, तर सरासरीचा नियम लावतात. उदा., ८ लाख रुपयांच्या चीजवस्तूंचा विमा ४ लाखांचा असून २ लाखांची चोरी झाल्यास भरपाई १ लाखाचीच मिळते. खरेदीच्या पावत्या, सराफाचे मूल्यांकनपत्र, छायाचित्रे व बँकेतील नोंदी हे मूल्याचे पुरावे होत. पिढीजात दागिन्यांच्या पावत्या नसतात. त्यांचे वजन व मूल्यांकन विमा घेतानाच करवून ठेवणे इष्ट असते.

बंद घरांचा प्रश्न : घर ठराविक दिवसांहून अधिक काळ (अनेक विमापत्रांत सलग तीस दिवस) बंद राहिल्यास, कंपनीची पूर्वसंमती नसेल तर, संरक्षण स्थगित होते. शहरी नोकरदाराच्या दृष्टीने ही अट सौम्य वाटते. परंतु मराठवाड्यात तिचा परिणाम गंभीर होतो. जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात व साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. घरे कुलूपबंद असतात किंवा वृद्धांच्या स्वाधीन असतात. चोरीचा धोका ज्या काळात सर्वांत अधिक, त्याच काळात विमा निष्प्रभ ठरण्याचा संभव असतो. शिवाय चोरी कळते ती परतल्यावर. त्यामुळे ती केव्हा झाली हे सांगता येत नाही. पत्र्याच्या व कुडाच्या घरांना पुष्कळदा विमाच मिळत नाही. अशा कुटुंबांनी विमा घेताना स्थलांतराचा काळ लेखी कळवून कंपनीची संमती विमापत्रावर नोंदवून घेणे आणि मौल्यवान वस्तू बँकेत ठेवणे, हे उपलब्ध मार्ग आहेत. हंगामी स्थलांतर गृहीत धरणाऱ्या अटींची या क्षेत्रात उणीव आहे.

तक्रारनिवारण : दावा फेटाळल्यास कंपनीने कारणे लेखी द्यावी लागतात. केवळ विलंबाच्या कारणावरून दावा नाकारण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, वाहनचोरीच्या प्रकरणात, पोलिसांकडे तत्काळ फिर्याद झाली असल्यास कंपनीस उशिरा कळविणे हे नकाराचे पुरेसे कारण नव्हे, असे ठरविले. कंपनीकडील तक्रारीचे निरसन एक महिन्यात न झाल्यास किंवा तिचे उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यास अधिकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते. तक्रारदारास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार नोंदविण्याची मुभा असल्याने मंठ्यातील विमेदारास त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयी जावे लागत नाही. जालना येथील आयोगाकडे दाद मागता येते.