बॅटरीचा दोष कीं केबलीचा?

शेतकरी बंधूंनो, मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला आहे, बीं व खत बांधावर येऊन पडलें आहे, ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडलें आहे. आणि किल्ली फिरवितांच ट्रॅक्टरनें ‘टक्’ असा एकच आवाज करून मौन धरिलें! असा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर आला असेल. वापसा कोणासाठीं थांबत नाहीं. अशा घाईंत मनुष्य बॅटरीस दोष देतो व हजारों रुपये मोजून नवी आणतो. प्रस्तुत लेखकानेंही तेंच केलें. ती हकीकत व तीपासून मिळालेला धडा वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी घरच्या शेतीकडे वळलों, त्याच्या दुसऱ्या वर्षींची ही गोष्ट. ऐन पेरणीच्या दिवशीं ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेना. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मीं नवी बॅटरी आणून बसविली. ट्रॅक्टर चार दिवस चालला व पुनः मुका झाला. शेवटीं शेजारच्या वस्तीवरील एका वृद्ध मिस्त्रीनें ऋण बाजूच्या केबलीचें आवरण चाकूनें चिरून दाखविलें. आंतील तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या व बोटांत त्यांचा चुरा होत होता. जुनी बॅटरी चार्ज करून पाहिली, तों ती धडधाकट निघाली. इकडे वापसा निघून गेला आणि अर्धें शेत पेरावयाचें राहिलें. मूळ कागद पाहिल्यावांचून शेरा मारूं नये, असें जन्मभर कचेरींत इतरांस सांगणाऱ्यानें घरीं मात्र मूळ न पाहतां निकाल दिला, याची लाज वाटली.

आतां केबल कां कुजते तें पाहूं. बॅटरींत शिशाच्या पट्ट्या व पाणी मिसळलेलें गंधकाम्ल असतें. चार्ज होतांना निघणाऱ्या वायूबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडून सांध्यांवर बसतात. तेथें पांढरा किंवा निळसर हिरवा क्षार धरतो. बोर्डो मिश्रणांत आपण जो मोरचूद घालतों, तोच या निळ्या क्षारांत असतो. आम्लाचा ओलावा तारांच्या बारीक फटींतून आवरणाखालीं आंत शिरतो. म्हणून केबल बाहेरून चांगली दिसूनही आंतून पोकळ झालेली असते.

सेल्फ फिरण्यास 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. 35 चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर चांगल्या तांब्याच्या केबलींत एवढ्या प्रवाहास सुमारें 0.1 व्होल्ट खर्ची पडतात. परंतु क्षारामुळें केवळ 0.01 ओहम अवरोध वाढला, तर 12 पैकीं 2 व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात. विहीर भरलेली असून पाट गाळानें बुजावा, तसाच हा प्रकार होय. दिव्यास प्रवाह थोडाच लागतो, म्हणून दिवा लख्ख लागला तरी केबल निर्दोष आहे असें समजूं नये.

परीक्षेस एक साधा मल्टिमीटर पुरे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतींत सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते. मग गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून व इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून धरून सेल्फ मारवावा. त्या वेळीं मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन खुंटावर व दुसरें सेल्फच्या जाड बोल्टवर टेकवावें. अर्ध्या व्होल्टहून अधिक आंकडा आल्यास केबल किंवा तिचा सांधा दोषी समजावा. ऋण खुंट व इंजिनाचें उघडें लोखंड यांमध्यें अशीच परीक्षा घ्यावी.

केबल बदलतांना पुढील क्रम पाळावा. इंजिनाच्या किंवा चॅसिसच्या लोखंडास जोडलेली केबल आधीं सोडावी व सर्वांत शेवटीं जोडावी. नाहीं तर पाना लोखंडास लागून ठिणगी उडते. बॅटरीजवळ ज्वालाग्राही वायु असतो, म्हणून तेथें विडी ओढूं नये. हातांतील आंगठी व कडें काढून ठेवावें. अर्धा लिटर पाण्यांत मोठा चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून खुंट धुवावे. मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. नंतर स्वच्छ पाण्यानें धुवून पुसून घ्यावे.

नवी केबल शुद्ध तांब्याची व जुनीइतकी किंवा तीहून जाड घ्यावी. घरांतील दिव्यांची वायर पीळ घालून कधींही वापरूं नये. टोंकाचे लग हातोड्यानें न ठोकतां दाबयंत्रानें दाबून घ्यावे व तोंड उष्णतेनें आवळणाऱ्या नळीनें बंद करावें. चॅसिसवरील जागा रंग व गंज खरवडून चकचकीत करावी. धन खुंट ऋणाहून किंचित् जाड असतो, हें ध्यानांत ठेवावें. क्लॅम्प घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावावें. केबल सायलेन्सरपासून दूर नेऊन बांधावी.

मृगापूर्वीं एकदां व खंडेनवमीस अवजारांची पूजा करतांना एकदां, एवढी पाहणी केली तरी पुरे. नवी बॅटरी घेण्याची वेळ कधीं तरी येईलच. परंतु केबल पाहिल्यावांचून कोणीं पैसे मोजूं नयेत, एवढीच बंधूंस विनंती आहे.