विंचेस्टर मॉडेल ७० : मालकांची साक्ष व तिची पारख

कोणतीही महागडी वस्तू घ्यावयाची झाल्यास विकणाऱ्याच्या जाहिरातीपेक्षा वापरणाऱ्याचा शब्द अधिक मोलाचा मानावा, असा आपल्याकडील जुना प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु वापरणाऱ्याचा शब्द म्हणजेही अखेर एक साक्षच होय. आणि साक्ष म्हटली की ती तपासून घेणे ओघानेच आले. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले किती, ऐकलेले किती, आणि आपण मोजलेल्या पैशाचे समर्थन किती, हे वेगळे काढल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. ज्यांनी महसूल खात्यात कारकुनी केली आहे त्यांस नजरेने ठरविलेली आणेवारी व प्रत्यक्ष पीककापणीचा प्रयोग यांतील अंतर चांगले ठाऊक असते. नजरेचा अंदाज टाकाऊ नसतो. पण तो कापणीच्या वजनाशी ताडून पाहावा लागतो.

मालकांच्या साक्षीपुढे एका मोठ्या कारखान्यास अखेर नमावे लागले, आणि तरीही त्या साक्षीत काही अतिशयोक्ती होतीच, असे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीच्या ‘मॉडेल ७०’ या शिकारी रायफलीचे आहे. रानडुकरे व रोही यांच्या उपद्रवामुळे आपल्या गावोगाव बंदुकीची चर्चा निघते, व तीत परदेशी रायफलींची कीर्तीही निघते. म्हणून ही हकीकत शेतकरी बंधूंपुढे थोडक्यात मांडीत आहे.

रायफलीची घडण

बोल्टची रायफल म्हणजे जिच्या नळीचे मागचे तोंड दरवाजाच्या अडसराप्रमाणे पोलादी दांड्याने बंद होते ती. हा दांडा, म्हणजे बोल्ट, वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबला की पेटीतील नवे काडतूस नळीच्या घरात जाऊन तोंड बंद होते. ही रचना जर्मनीतील माउझर बंधूंच्या कारखान्याने १८९८ साली इतकी पूर्णत्वास नेली की पुढील बहुतेक कारखान्यांनी तिचेच अनुकरण केले. कुमाऊँच्या जंगलातील जिम कॉर्बेट यांस चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी २७५ रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, तीही याच माउझर रचनेची होती.

विंचेस्टर कंपनीचा कारखाना कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन या गावी होता. तिने १९२५ साली ‘मॉडेल ५४’ काढले, व त्यातील उणिवा दूर करून १९३६ साली ‘मॉडेल ७०’ घडविण्यास आरंभ केला. या रायफलीचा सांगाडा घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढलेला असे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, व त्यावर हाताची पकड बसावी म्हणून कारागिरांनी कोरलेली जाळीदार नक्षी. चापाची रचना अगदी साधी, थोड्या भागांची व उघडी असल्यामुळे धूळ, पाणी अथवा बर्फ तीत साचून राहात नसे. सुरक्षेची कळ तीन ठिकाणी थांबे. एका टोकास बार सुटे. दुसऱ्या टोकास बोल्ट व बार दोन्ही बंद. आणि मधल्या ठिकाणी बार बंद राहून बोल्ट मात्र उघडता येई, म्हणजे भरलेली रायफल निर्धोकपणे रिकामी करता येई. ज्यांस घरी लहान मुले आहेत त्यांनी या शेवटच्या सोयीचे मोल ओळखावे.

‘औटडोअर लाइफ’ या मासिकाचे बंदूकविषयक संपादक जॅक ओकॉनर यांनी २७० विंचेस्टर या काडतुसाची व त्याबरोबर या रायफलीची वर्षानुवर्षे वाखाणणी केली. अमेरिकेच्या मरीन दलातील काही नेमबाजांनी व्हिएतनामच्या युद्धातही ती वापरली. कारखान्याने तिला ‘नेमबाजाची रायफल’ असे बिरुद दिले होते, आणि मालकांनी ते मान्य केले होते.

आकड्याचे महत्त्व

मालकांची सर्वांत मोठी प्रशंसा एका लहानशा भागाविषयी असे. बोल्टच्या बाजूस पोलादाची एक लांब पट्टी बसविलेली असून तिच्या टोकास रुंद आकडा असतो. पेटीतून काडतूस वर येऊ लागताच त्याच्या बुडाची कड या आकड्याखाली आपोआप सरकते, व तेथून ते बाहेर फेकले जाईपर्यंत आकडा त्यास सोडीत नाही. बैलाची वेसण जशी सतत हातात असावी, तसाच हा प्रकार होय.

याचा लाभ घाईच्या वेळी कळतो. अंगावर येणारे जनावर पाहून शिकाऱ्याचा हात कापला व त्याने बोल्ट पुरता बंद न करताच मागे ओढला, तर आकड्यातील काडतूस बोल्टबरोबर मागे येते व बाहेर पडते. ज्या रायफलीत काडतूस आकड्यात न धरता केवळ पुढे ढकलले जाते, तीत ते अशा वेळी नळीच्या घरात एकटेच राहते. मग दुसऱ्या खेपेस पेटीतील नवे काडतूस त्याच्या पाठीवर जाऊन आदळते व रायफल अडकते. हरणाच्या शिकारीत अशी अडचण म्हणजे हातची शिकार गेली इतकेच. परंतु आफ्रिकेतील रानरेडा अथवा अलास्कातील अस्वल समोर असता तीच जिवावर बेतू शकते.

१९६४ सालचा बदल

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मजुरी वाढत गेली. रेमिंग्टन या प्रतिस्पर्धी कंपनीने यंत्रावर झटपट होणाऱ्या सोप्या घडणीच्या रायफली काढल्या, व १९६२ साली तिचे ‘मॉडेल ७००’ बाजारात आले. विंचेस्टरला जुन्या पद्धतीने रायफल घडविणे परवडेना. १९६३ अखेरपर्यंत जुन्या घडणीच्या सुमारे ५ लाख ८१ हजार रायफली निघाल्या, आणि १९६४ सालापासून नवी घडण सुरू झाली.

नव्या घडणीत रुंद आकडा गेला व बोल्टच्या तोंडात लहान आकडा आला, जो बोल्ट पुरता बंद झाल्यावरच काडतुसाची कड पकडी. हाताने कोरलेल्या नक्षीच्या जागी लाकडावर साच्याने दाबून उमटविलेली नक्षी आली. नळी व दस्ता यांच्यामध्ये दुरूनही दिसावी अशी रुंद फट ठेवण्यात आली. नाव मात्र तेच राहिले : मॉडेल ७०.

मालकांनी हा बदल तत्काळ ओळखला. मालिकेस ‘चौसष्टपूर्व’ हे नाव मालकांनीच दिले व ते आजतागायत रूढ आहे. जुन्या रायफलींची किंमत चढू लागली, आणि वापरलेली जुनी वस्तू कोऱ्या वस्तूपेक्षा अधिक मोलाने विकली जाऊ लागली. कोणत्याही कारखान्यास याहून कठोर असा निकाल कोणते न्यायालय देणार?

साक्षीची छाननी

आता या मालकांच्या साक्षीचे भाग पाडून पाहू.

पहिला भाग प्रत्यक्ष पाहिल्याचा. दाबून उमटविलेली नक्षी हातात धरत नाही, रुंद फट ओंगळ दिसते, नव्या घडणीचा बोल्ट मागेपुढे करताना तिरपा होऊन अडखळतो, या तक्रारी ज्याच्या हाती रायफल होती त्याने स्वानुभवाने केलेल्या होत्या. त्या खऱ्याही होत्या, कारण कारखान्याने त्या एकामागून एक मान्य केल्या. १९६८ साली बोल्ट तिरपा होऊ नये म्हणून त्यास मार्गदर्शक खाच देण्यात आली, व १९७२ साली कोरीव नक्षी परत आली.

दुसरा भाग कारणमीमांसेचा. आकडा गेल्यामुळे घाईत काडतूस अडकण्याचा धोका वाढला, हे म्हणणे रचनेकडे पाहून कोणासही पटण्यासारखे आहे. परंतु ते म्हणणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक हरणाची शिकार करणारे होते. रानरेडा त्यांनी चित्रातच पाहिला होता. म्हणजे हा भाग तर्काने बरोबर, पण बहुतेकांच्या बाबतीत ऐकीव होता.

तिसरा भाग अतिशयोक्तीचा. ‘नवी रायफल नेम धरीत नाही’ असे पुष्कळ जण म्हणत. पण लक्ष्यावर गोळ्या मारून अंतर मोजणाऱ्यांस नव्या रायफली नेमास चांगल्या आढळल्या. शिवाय नव्या बोल्टचे तोंड काडतुसाचे बूड चोहोंकडून वेढून घेई; जुन्या रचनेत आकड्यासाठी जागा सोडावी लागल्यामुळे बुडाचा काही भाग उघडा राही. सदोष काडतूस फुटल्यास वायू मागे येण्याचा धोका नव्या रचनेत त्या मानाने कमी होता. हा गुण जुन्याच्या अभिमान्यांनी क्वचितच उच्चारला. तीन ठिकाणी थांबणारी सुरक्षेची कळ व साधा चाप हे दोन्ही उत्तम भाग नव्या रायफलीतही कायम होते, याचाही त्यांस विसर पडे. उलट चौसष्टपूर्व म्हणून जे जे मिरवले जाते त्यातील शेवटच्या काही वर्षांचे काम आरंभीच्या कामाइतके सफाईदार नाही, हे जाणते संग्राहक स्वतःच कबूल करतात.

येणेप्रमाणे एकाच साक्षीत एक भाग पाहिलेला, एक तर्काचा व एक अभिमानाचा निघाला. साक्ष खोटी नव्हती. ती मिश्र होती. गव्हात खडे असले म्हणून गहू टाकून देत नाहीत. पण निवडल्याशिवाय दळीतही नाहीत.

कारखान्याची माघार

१९८१ साली विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना वेगळ्या कंपनीकडे गेला. पुढे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘क्लासिक’ या नावाने रुंद आकड्याची रचना पुन्हा बाजारात आली. सुमारे पाव शतकाहून अधिक काळ मालक जे सांगत होते ते अशा रीतीने मान्य झाले. परंतु गेलेला लौकिक परत मिळविणे हे गेलेली माती बांधावर परत आणण्यासारखे असते. ३१ मार्च २००६ रोजी न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. त्यानंतर २००८ सालापासून बेल्जियमच्या एफ. एन. कंपनीच्या दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथील कारखान्यात रुंद आकड्याचे मॉडेल ७० पुन्हा घडविले जाऊ लागले, व पुढे जोडणीचे काम पोर्तुगालमध्ये गेले. या नव्या रायफलींची घडण अचूक असल्याचे अनेक मालक सांगतात. तरी चौसष्टपूर्व रायफलीस आजही वेगळा मान व वेगळा भाव आहे. त्या भावात उपयुक्ततेचा अंश किती व नावाचा किती, हे घेणाऱ्याने आपल्या कामावरून ठरवावे.

आपणांस बोध

या हकीकतीवरून कोणत्याही महाग वस्तूविषयी, मग ती रायफल असो, पंप असो वा ट्रॅक्टर असो, मालकांचे मत घेताना पुढील प्रश्न विचारावे असे आमचे मत आहे.

१. सांगणारा वस्तू किती हंगाम वापरीत आहे? पहिल्या वर्षाची स्तुती ही बहुधा खर्चाची समजूत असते.

२. त्याचे काम व आपले काम एकच आहे काय? रानरेड्यासाठी जो गुण अनमोल, तो हरणासाठी केवळ शोभेचा असू शकतो. काळ्या रानातील अवजाराची कीर्ती मुरमाड जमिनीत उपयोगी पडेलच असे नाही.

३. तो दोषही सांगतो काय? ज्या साक्षीत एकही दोष नाही ती साक्ष पढविलेली समजावी.

४. तो ज्या वर्षाच्या मालाविषयी बोलतो, त्याच वर्षाचा माल आपणांस मिळत आहे काय? नाव तेच राहून आतील वस्तू बदलते, हा मॉडेल ७० चा मुख्य धडा होय.

५. बाह्य कामातील हयगय हलकी मानू नये. लाकडावरील नक्षी ही वरवरची गोष्ट खरी. पण जेथे दिसणाऱ्या जागी काटकसर झाली, तेथे न दिसणाऱ्या जागीही झाली असेल, ही मालकांची शंका अगदीच निराधार ठरली नाही.

हा धडा विकणारा या नात्यानेही आपणांस लागू आहे. आपल्या गुळाची, द्राक्षाची वा हळदीची पेठेत जी ओळख असते ती अनेक वर्षांच्या मालाने तयार झालेली असते. एका हंगामात प्रतवारी ढिली केली तर तेवढ्यापुरते चार पैसे अधिक सुटतात. पण व्यापारी त्या हंगामाचे नाव लक्षात ठेवतो.

शेवटी एक सूचना. पीकसंरक्षणासाठी अशा रायफलीचा विचार कोणी करू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची होय. आणि कोणतेही अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये पिकाची नासाडी करणारे जनावरदेखील वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. रायफलीची गोळी फार दूरवर जाते, व आपली शिवारे वस्तीस लागून असतात, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्या पिकाचे नुकसान झाले असेल त्यांनी प्रथम पंचनामा करून घ्यावा व भरपाईचा अर्ज मुदतीत द्यावा. तो कागद हाती असणे हे कोणत्याही नामांकित रायफलीपेक्षा आपल्या अधिक उपयोगाचे आहे.