मेहकरची शीळ, तबकडीवरची

संपादकांना रानातल्या गाण्यांच्या एखाद्या अल्बमवर लेख हवा होता. माझं मन मात्र अल्बमच्या आधीच्या काळात अडकलं होतं. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं मावे. अशा एका गाण्याचं मूळ बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणून मी मेहकरचा रस्ता धरला.

पैनगंगेकाठचं, शारंगधर बालाजीचं हे गाव. इथे ना. घ. देशपांडे यांनी आयुष्यभर वकिली केली. जन्म 1909 चा, याच जिल्ह्यातल्या सेंदुरजनचा. 'खूणगाठी'साठी 1986 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार. 2000 मध्ये निधन. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर, तालुक्याच्या कोर्टात अशील सांभाळत हा माणूस लिहीत राहिला.

त्यांची 'शीळ' ही तरुणपणातली कविता. रानातून शीळ येते आणि ती ऐकणारीचं घरात लक्ष लागेनासं होतं, एवढाच तिचा ऐवज. भाषा शिवारातली. ज्वारीची राखण केलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागू नये इतकी उघडी, आणि तरी ओढ लावणारी. विदर्भातलाच आणखी एक वकील, जी. एन. जोशी, याने तिला चाल लावली आणि एचएमव्हीच्या तबकडीवर ती स्वतः गायली. हे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचं. मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून याच गाण्याचं नाव घेतलं जातं. 'शीळ' नावाचा कवितासंग्रह छापून आला तो थेट 1954 मध्ये. म्हणजे पुस्तकाच्या वीसएक वर्षं आधीच ही कविता लोकांच्या कानांत जाऊन बसली होती. मराठीत हे किती कवींच्या वाट्याला आलं असेल?

हे घडवलं त्या यंत्राने मला खिळवून ठेवलं. दहा इंची तबकडी, मिनिटाला 78 फेरे. एका बाजूला फार तर सव्वातीन मिनिटं, म्हणजे अडीचशेच्या आसपास फेरे. तेवढ्यात गाणं संपलं पाहिजे. आज गायक एक ओळ दहा वेळा गाऊन त्यातली चांगली ठेवतो. तेव्हा मेणाची जाड चकती किंचित गरम करून यंत्रावर ठेवत. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजावर कापणारी सुई थरथरे आणि मेणात खाच पाडत जाई. ते मेण वाजवून पाहायचीही सोय नव्हती, कारण वाजवलं की मऊ खाच बिघडे. गायकाला श्वास चुकला, वादकाचा हात घसरला, तर नवी चकती आणि पहिल्यापासून गाणं. मेणावरून मग धातूचे साचे करत आणि त्या साच्यांनी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तबकड्या दाबल्या जात.

त्या तबकडीचं द्रव्यही आपल्या ओळखीचं. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे लाख करतात. ती गाळून तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटी घालण्यामागे मोठी अक्कल होती. तिच्या खरखरीने पोलादी सुई झिजावी आणि खाच वाचावी, असा तो हिशेब. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची. गाणं टिकावं यासाठी सुईने मरायचं, ही योजना मला अतिशय आवडते.

नाट्यपदाला रंगायला वेळ लागे, रागाला त्याहून जास्त. सव्वातीन मिनिटांत दोघांचीही कोंडी होई. चार कडव्यांची कविता, मोजकी चाल आणि शब्दांना जपणारा गळा मात्र त्या मापात नेमका बसला. भावगीताला कवी आणि गायक जितके कारण, तितकीच ही तबकडी, असं माझं ठाम मत आहे.

तिकडे अमेरिकेतही तेव्हा असंच काही चाललं होतं. 1927 मध्ये राल्फ पियर हा माणूस व्हिक्टर कंपनीसाठी टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी यंत्र घेऊन गेला आणि जिमी रॉजर्स, कार्टर कुटुंब अशा खेड्यापाड्यांतल्या गायकांचे आवाज त्याने टिपले. कन्ट्री संगीताचा मोठा वृक्ष तिथून वाढला. रॉजर्सची ओळख म्हणजे गाता गाता मध्येच चिरकत वर जाणारा, डोंगरात साद घालावी तसा आवाज. व्हिक्टर आणि एचएमव्ही या दोघींच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला तोच कुत्रा होता.

जोशी 1938 मध्ये एचएमव्हीतच नोकरीला लागले आणि काचेच्या पलीकडे बसू लागले. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर यांचे आवाज त्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले. पुढे लाँगप्ले आली, एका बाजूला वीस मिनिटं मिळू लागली. 1967 मध्ये त्यांच्या निर्मितीत 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली: शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या रागापासून रात्रीपर्यंत. रानातल्या शिळेने सुरू झालेला माणूस तीसहून अधिक वर्षांनी पुन्हा रानातच गेला, आणि या खेपेला त्याला पूर्ण दिवस मिळाला.

त्या लाँगप्लेची काळजी नाही, ती आज सहज ऐकता येते. काळजी आहे लाखेच्या तबकडीची. ती हातातून पडली की तुकडे होतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर एकावर एक आडव्या रचल्या, तर वऱ्हाडच्या उन्हात वाकतात. त्या उभ्याच ठेवायला हव्यात. वाजवायची सुईही वेगळी लागते. 78 ची खाच लाँगप्लेच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद, त्यामुळे लाँगप्लेची सुई तिच्या तळाशी घासते आणि गाण्याऐवजी खरखर देते. वेगही तपासावा लागतो. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या बरोबर 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, आणि वेग थोडा चुकला तरी गायकाची पट्टी बदलते.

त्यानंतर कायदा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, म्हणजे त्या तबकडीवरचा आवाज केव्हाच मुक्त झाला आहे. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे 2060 अखेरपर्यंत. चालीचा हक्क आणखी वेगळा. म्हणून कुणी हे गाणं जिल्ह्यातल्या शाळाशाळांत पोचवायचं ठरवलं, तर आवाजासाठी कुणाला विचारायला नको, पण शब्द आणि चालीसाठी वारसांची परवानगी घ्यावी लागेल. एक वाट मात्र मोकळी आहे. सार्वजनिक, बिनव्यापारी वाचनालयाजवळ मूळ प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल नक्कल ठेवायला कायदा मुभा देतो. म्हणजे आधी तबकडी वाचनालयात आली पाहिजे. मेहकर, खामगाव, चिखलीकडच्या जुन्या वाड्यांत कुणाच्या माळ्यावर अशा तबकड्या पडून असतील, तर त्या भंगारवाल्याला देऊ नका. कोरड्या फडक्याने पुसा, उभ्या ठेवा आणि गावच्या वाचनालयाला कळवा.