काळीच्या उगमाकडे कधी जावं?

‘भारत पाहायचा तर ऑक्टोबर ते मार्च’ हे सहलीला निघणाऱ्यांच्या इतकं तोंडी बसलंय की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. राजस्थानला ते लागू पडतं. पण चेन्नईत वर्षातला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पडतो. २०१५ च्या डिसेंबरात त्या शहराची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलं. आणि मनालीहून लेहला जाणारा रस्ता तर हिवाळाभर बर्फामुळे बंदच असतो.

एवढ्या मोठ्या देशाचं सोडा, एका जिल्ह्यालाही एकच मोसम पुरत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ दिग्गी हे गाव आहे. १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळणारी काळी नदी याच परिसरात उगम पावते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि या माथ्यावर रिते होतात. पूर्वेला हल्याळपर्यंत पोचताना पावसाचा जोर कितीतरी ओसरलेला असतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो फरक, तोच इथे. त्यामुळे हल्याळचं आभाळ पाहून दिग्गीची गाडी काढणं धोक्याचं.

दुसरा गैरसमज तारखांचा. गणपती झाले की पाऊस संपला, असं धरून अनेक जण सप्टेंबरअखेरची सुट्टी टाकतात. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मुंबईच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगरांतून तो त्याआधी हलेल, अशी आशा धरू नये.

काळीवरच्या राफ्टिंगबद्दल तर समजूत अगदी उलटी आहे. नदी पावसात फुगते, म्हणजे तोच राफ्टिंगचा काळ, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात गणेशगुडीजवळ काळीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण उभं आहे. जुनं सुपा गाव त्याच्याच पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. धरण पावसाचं पाणी साठवतं आणि वीज तयार करताना ते खाली सोडतं. जनित्रं बंद असली की पात्रातले खडक उघडे पडतात; पाणी सुटलं की त्याच खडकांवरून फेसाळते लोट धावू लागतात. म्हणून इथलं राफ्टिंग पाऊस सरल्यावर सुरू होतं आणि भर उन्हाळ्यातही चालतं. दिवस ठरवण्याआधी त्या दिवशी पाणी सुटणार आहे का, एवढं विचारलं की काम झालं.

पावसाळा मग टाळायचाच का? हिरवाई आणि धबधबे तेव्हाच, हे खरं. पण जंगलात पाऊल टाकताच जळवा बुटांवरून वर सरकू लागतात, ओढे चढले की वाट तुटते आणि मुक्काम लांबतो. शिवाय जून-जुलैत गावातली माणसं रोपणीत गुंतलेली असतात. वाटाड्या मिळणं कठीण.

उन्हाळा मात्र उगाच बदनाम झालाय. दुपार तापते, पण पाणवठे कमी उरल्याने जनावरं दिसण्याची शक्यता वाढते. मे संपताना, पहिल्या सरींच्या सुमारास, सह्याद्रीतली झाडं काजव्यांनी उजळतात. हे पाहायला डिसेंबरात येऊन उपयोग नाही.

पहिल्यांदाच दिग्गीला जाणाऱ्यांनी नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ धरावा. भात कापून झालेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं, वाटा कोरड्या असतात. हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला आहे. जंगलवाटेने चालायचं असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करा आणि स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नका.