पुसलेला शब्द

अमेरिकेचा इतिहास लहान मुलांना शिकवताना सनावळीपासून सुरुवात करू नये. थॉमस जेफरसनने १७७६ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. तो पडद्यावर मोठा करून दाखवावा. त्यात खाडाखोड आहे, मसुदा समितीतले त्याचे सहकारी फ्रँकलिन आणि अॅडम्स यांच्या दुरुस्त्याही आहेत. एका जागी ‘प्रजाजन’ हा शब्द पुसून त्यावरच ‘नागरिक’ लिहिलंय. खालचा शब्द थेट २०१० मध्ये, खास छायाचित्रणामुळे वाचता आला. राजाची प्रजा आणि देशाचे नागरिक यांतला फरक त्या एका डागातून दहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेदही याच मसुद्यात आहे. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे तेव्हाच्या काँग्रेसने, तो गाळला. लिहिणारा जेफरसन स्वतः गुलाम बाळगत होता, हेही मुलांपासून लपवू नये.