काट्याची पावती मागा

जुनी कार विकणारा हमखास सांगतो, डॉक्टरांची गाडी आहे. जुनी पिकअप विकणाऱ्याची इथे पंचाईत होते, कारण पिकअप चालवणारा डॉक्टर अजून कोणी पाहिलेला नाही. मग दुसरं वाक्य तयार असतं : "मामा, घरच्या शेतापुरती वापरलीय, भाड्याला कधी लावलीच नाही." त्याच दमात पुढचं, "एकहाती गाडी, एक रुपयाचं काम नाही, चावी मारा आणि निघा."

गेल्या वर्षी मामेभावाबरोबर अशीच एक गाडी पाहायला गेलो होतो. त्याला कांदा आणि टोमॅटो बाजारात न्यायला पिकअप हवी होती. सोबत ओळखीचे एक फिटर होते, तीस वर्षं पान्हे हातात घेतलेले. गाडी पांढरीशुभ्र, पुसून लख्ख, आरशाला लिंबू-मिरची. मीटरवर 78 हजार किलोमीटर. आम्ही दोघं मीटरकडे बघून खूश. फिटरकाकांनी मीटरकडे पाहिलंही नाही. त्यांनी मालकाला एवढंच विचारलं, "काय वाहत होता?"

"कांदाच. आणि थोडा भाजीपाला."

काका मागच्या चाकापाशी पोतं अंथरून आडवे झाले. बॅटरी मारून स्प्रिंगचे पाटे मोजले. मग उठून शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीखाली गेले, तिचेही मोजले. परत येऊन म्हणाले, "एक पाटा जास्त आहे हो तुमच्या गाडीला. दोन्ही बाजूंना."

मालक हसला. "आमच्याकडचा रस्ता खराब आहे ना काका."

रस्ता खराब असतो म्हणून कोणी पाटा वाढवत नाही. माल जास्त भरला की गाडी मागून बसते, ती बसू नये म्हणून वाढवतात. पाटा वाढवल्याने गाडीची कंबर ताठ दिसते, पण चेसी, ॲक्सल, ब्रेक, क्लच कंपनीने दिलेलेच राहतात. पंधरा क्विंटलची गाडी पंचवीस क्विंटल ओढत राहिली तर ते पंचवीस क्विंटल शेवटी कोणाच्या तरी अंगावर येतात. त्या दिवशी आम्ही गाडी घेतली नाही. आणि तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : जुनी पिकअप किती पळाली हे दुसऱ्या नंबरला विचारायचं, काय आणि किती वाहिलं हे पहिल्या.

पिकअप म्हणजे नेमकी कोणती गाडी, हेही इथे सांगून टाकतो. 2005 मध्ये आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, पाऊण टनाच्या आसपासच्या मालासाठी. वरच्या टोकाला 1986 पासून रस्त्यावर असलेली टाटाचीच 407. या दोघांच्या मधली, साधारण सव्वा ते पावणेदोन टन माल घेणारी ती आपली पिकअप. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, 2011 मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त, ही त्यातली घराघरांत माहीत असलेली नावं. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हा वेगळा प्रकार. त्यांच्या हौद्यात सहसा सायकली आणि तंबू असतात, त्यांची चर्चा इथे नको.

आता मीटर. नाशिकहून वाशीच्या मार्केटला रोज माल नेणारी गाडी घ्या. जाऊन-येऊन साधारण 340 किलोमीटर. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या तर साडेआठ हजार, वर्षाला लाखाच्या वर. अशी पाच वर्षं जुनी गाडी 80 हजार दाखवत असेल तर मीटर मागे फिरलंय, यात शंका नको. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली पकड, ड्रायव्हरच्या बाजूने दबलेलं सीट ही मंडळी सहसा खरं बोलतात. पण गंमत अशी की महामार्गावर माफक मालात दोन लाख पळालेली गाडी, गावातल्या गावात वाळू-विटा ओढून पन्नास हजार झालेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा तब्येतीने बरी निघते. कसारा घाट चढतानाचे कष्ट वेगळे आणि नदीपात्रातून मुरुमाचा रस्ता चढतानाचे वेगळे.

म्हणून मालाची जात विचारायची. बेकरीचा माल, कुरिअर, फरसाण, गाद्या : यांत हौदा आधी भरतो, वजन नंतर. अशी गाडी मिळाली तर नशीब समजा. गॅस सिलिंडर किंवा पाण्याचे जार वाहणारी गाडी रोज ठरावीक माल घेऊन ठरावीक रस्त्याने जाते, तीही बरी. कांदा, ऊस-बेणं, खताच्या गोण्या यांत हात सैल सुटतो, "अजून चार गोण्या टाक" हे वाक्य बाजाराच्या दिवशी कोण टाळणार? वाळू, विटा, सळई, फरशी यांची गाडी शक्यतो नकोच. कोंबड्या वाहणाऱ्या गाडीचा हौदा विष्ठा आतून खाते, वरून कितीही रंग मारा. मासळीच्या गाडीची गोष्ट त्याहून वाईट. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून रोज थेंब-थेंब चेसीवर गळतं. एमएच-08 किंवा एमएच-07 पाहून लगेच नाक मुरडायचं कारण नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या चांगल्या गाड्याही असतात. पण तिथे हौद्याखाली वाकायला विसरायचं नाही. आणि एक अलीकडची जात, डीजेची गाडी. जनरेटर, स्पीकरच्या भिंती, त्यासाठी कापलेला हौदा आणि ओरबाडलेलं वायरिंग. गणपतीनंतर अशा गाड्या विकायला निघतात तेव्हा भाव फार गोड वाटतो.

मालक खरं सांगेलच असं नाही. मग कोण सांगेल? वजनकाटा. बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की गाडी भरलेली काट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते, पुन्हा काट्यावर येते. पावतीवर गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ माल. शेतकऱ्याच्या घरी या पावत्या हिशोबपट्टीला टाचणी लावून, खिळ्याला अडकवून वर्षानुवर्षं राहतात. सर्व्हिस बुक मागितलं की मालक इकडेतिकडे बघतो, काट्याच्या पावत्या मागितल्या की त्याला संशय येत नाही, तो उलट कौतुकाने काढून देतो, "बघा, एका खेपेला अठ्ठावीस क्विंटल!" झालं. आरसीवर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन छापलेलं असतं. वजाबाकी करा, किती माल घ्यायची परवानगी होती ते निघतं, आणि अठ्ठावीस क्विंटल त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

चेसी पाहणं हे खरं काम, आणि त्याला कपडे मळवावे लागतात. केबिनच्या लगेच मागे आणि पाट्यांचे हँगर जिथे चेसीला धरतात तिथे तडे जातात. वेल्डिंगची रेघ दिसली की विचारा. खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर आणखी विचारा, कारण कमावत्या गाडीचं पोट कोणी हौसेने रंगवत नाही. छोटा पान्हा घेऊन ठोकत जायचं : चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, गंजून पोकळ झालेलं भद्द. चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आरटीओच्या कामाला हा ठसा लागतोच, तो पैसे देण्याआधी घेतला तर काय बिघडलं?

कोल्हापूर-सांगलीचा 2019 चा पूर किंवा चिपळूणचा 2021 चा, अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे दुसऱ्याच जिल्ह्यात विकल्या जातात. सीटच्या रुळांवरचा गंज, मागच्या दिव्यांच्या काचेत अडकलेला गाळाचा पापुद्रा, फ्यूजच्या डब्यातली पांढरी बुरशी पाहा. पाणी तिथपर्यंत चढल्याशिवाय गाळ तिथे जात नाही.

इंजिनसाठी एकच पथ्य, ते थंड असताना जा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच गाडी जागी करून ठेवली आहे. चहा घ्या, तासाभराने बघू म्हणा. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर बराच वेळ थांबत नसेल तर काम आतलं आहे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. खालून फुकारीसारखा जोरात मारा येत असेल तर पिस्टन-रिंगा थकल्या. झाकणाच्या आत ताकासारखा मळकट फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं असण्याची शक्यता, आणि मग गाडी जागेवर सोडा. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असेल तर तिचाही विचार करा. नुसत्या गावातल्या छोट्या फेऱ्यांत ती तुंबते आणि तिचा खर्च छोटा नसतो. डॅशबोर्डचे दिवे चावी फिरवल्यावर पेटतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात का ते बघा. पेटतच नसतील तर कोणीतरी तो दिवा मुद्दाम मारलेला असू शकतो.

टेस्ट ड्राइव्ह मात्र रिकामी घेऊ नका. रिकामी पिकअप उड्या मारत पळते आणि सगळे दोष त्या उड्यांत लपतात. दहा-बारा गोण्या टाका, आपल्याच खताच्या न्या हवं तर. भरल्या गाडीने चढ घ्या. वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तिथल्या तिथे, तर क्लच प्लेट गेली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडा, गिअर उडून न्यूट्रलला येतो का बघा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, मागून डिफरन्शियल हुंकार देतं का. टायरवर चार आकडे कोरलेले असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे आणि त्यातले दोन रिमोल्ड असतील तर तेवढे पैसे सौद्यातून कमी करा.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. दोन गाड्यांत निवड असेल तर हा फरक लक्षात ठेवा. फिटनेस, ज्याला आपण पासिंग म्हणतो, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. म्हणजे सात वर्षांची गाडी स्वस्तात घेतली तरी लवकरच दरवर्षीची वारी सुरू. हौद्यावर उंच जाळी किंवा वाढीव फाळके असतील तर ते आरसीवर नोंदलेले आहेत का पाहा. एम-परिवहनवर नंबर टाकला की विमा, पासिंग, फायनान्सचा बोजा दिसतो. चलनंही बघा. 1 सप्टेंबर 2019 पासून जादा मालाचा दंड किमान वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. जुन्या मालकाची असली दोन-तीन चलनं तुमच्या गळ्यात पडू शकतात. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. लायसन्सची चिंता मात्र नको : 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांखालची मालवाहू गाडी चालवता येते.

नावावर करून घेण्यात आपल्याकडे फार ढिलाई. "ओपन लेटर"वर, म्हणजे नोंद न बदलता, गाड्या तीन-तीन हात फिरतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं : गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकत विकत बरीच पुढे गेली, नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, मध्ये अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच ठेवली. त्यामुळे ही सूचना विकणाऱ्यालाही आहे. घेणाऱ्याने तर विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यायला अर्ज द्यायचा.

मामेभावाला शेवटी बेकरीवाल्याची गाडी मिळाली. मीटर एक लाख चाळीस हजार, एका दरवाज्याला पोचा, हौद्यात अजून पावाचा वास. पाटे कंपनीने दिले तेवढेच.

तुम्ही जाल तेव्हा बॅटरी, छोटा पान्हा, कोरा कागद, पेन्सिल आणि एक पोतं सोबत घ्या. आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या होईपर्यंत शेवटचे पन्नास हजार खिशातच राहू द्या.